घरातल्या इनडोअर पूलला सोलर हीटिंग: छपरावर नक्की काय टाकावं?

जलतरंग
नमस्कार मंडळी. घरातच बंदिस्त हॉलमध्ये पूल आहे, ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल. पाणी गरम करायला इलेक्ट्रिक हीटर, साधा कॉइलवाला, आणि बिल आलं की घरात जो तो दुसऱ्याकडे बघतो. हॉलचं छप्पर उतरतं आहे, दिवसभर ऊन, झाडाची किंवा शेजारच्या इमारतीची सावली नाही. वर्षभर पोहायचंय, पाणी २८ अंशाच्या आसपास हवं. सासूबाई गुडघ्यांसाठी पाण्यात चालतात, त्यांचं म्हणणं ३२ करा.

तर प्रश्न असा की छपरावर सोलर कलेक्टर (उन्हाने पाणी तापवणारे पॅनल) टाकून हा हीटर कायमचा बंद करता येईल का? दोन जणांना बोलावून जागा दाखवली. एक म्हणाला काळ्या रबरी चटया पसरा, बाकी कशाची गरज नाही. दुसरा म्हणाला चटया म्हणजे खेळणं, व्हॅक्यूम ट्यूबच घ्या, म्हणजे हवा काढून घेतलेल्या दुहेरी काचेच्या नळ्या. दोघांनीही पूलकडे ढुंकून पाहिलं नाही, आल्या आल्या शिडी मागितली. कोणी केलंय का हे?

खटपट्या
चटया. डोळे झाकून.

ईपीडीएम रबर नाहीतर पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, आत बारीक नळ्या, पूलचंच पाणी त्यातून फिरवायचं. काच नाही, तांबं नाही, गंजायला काही नाही. फिल्टरच्या पंपानंतर एक थ्री-वे व्हॉल्व्ह टाकायचा, ऊन असलं की पाणी वर जातं, नसलं की थेट पूलमध्ये. मी स्वतः बसवल्यात, प्लंबिंगचा जरा हात असला की जमतं. व्हॅक्यूम ट्यूब कशाला, पाण्याला उकळी आणायची आहे का?

भोवरा
तुमचा पूल उघड्यावरचा आहे ना खटपट्याराव? आणि थंडीत तुम्ही पोहता का?

खटपट्या
उघड्यावरचा. थंडीत नाही पोहत. पण ऊन ते ऊनच.

तापमापी
ऊन ते ऊनच, पण पूल तो पूल नाही :) कलेक्टर नंतर, आधी हिशोब मांडू.

८ गुणिले ४ गुणिले १.४ म्हणजे साधारण ४५ घनमीटर पाणी. एक घनमीटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ युनिट लागतात, म्हणजे हा अख्खा पूल एक अंश वर न्यायला ५२ युनिट. पूल रिकामा करून १५ अंशाचं नवं पाणी भरलंत तर २८ पर्यंत न्यायला पावणेसातशे युनिट जातील. पण ते क्वचित कधीतरी. रोजचं बिल येतं ते तापवलेलं पाणी तापलेलं ठेवायला, आणि ती उष्णता जाते कुठे हे बघितल्याशिवाय छपरावर चढण्यात अर्थ नाही.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा इनडोअर पूलसाठीचा ठोकताळा असा की ७० टक्के उष्णता बाष्पीभवनात जाते, २७ टक्के हॉलच्या हवेशीरपणात म्हणजे बाहेर फेकलेल्या गरम दमट हवेबरोबर, आणि जमीन, भिंती वगैरे मिळून उरलेले ३ टक्के. एक लिटर पाण्याची वाफ झाली की पूलमधून जवळपास ०.६८ युनिट उष्णता गेली. तुमच्या ३२ चौरस मीटर पृष्ठभागावरून, पाणी २८, हवा ३० आणि आर्द्रता ५०-६० टक्के धरली तर दिवसाला ७० ते ९० लिटर उडतं. म्हणजे रोज ४५ ते ६० युनिट नुसते हवेत. जवळजवळ एक अंश रोज.

आता सांगा, पूलवर कव्हर आहे का?

जलतरंग
कव्हर नाही. इनडोअरला कव्हर कशाला असंच वाटत होतं, पालापाचोळा तर पडत नाही.

वाफाळलेली
हॉलच्या काचा सकाळी घामेजलेल्या असतात का? आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात काळे ठिपके?

जलतरंग
असतात. ठिपके पण. तुम्ही घर बघून गेलात का?

शंकासुर
एक भाबडा प्रश्न. आत वारा नाही, ऊन नाही, मग पाणी उडतं कशाने? माझ्या समजुतीप्रमाणे उघड्यावरचा पूल जास्त उडायला पाहिजे.

तापमापी
उघड्यावरचा जास्त उडतो, बरोबर आहे. वाऱ्याने वेग वाढतो. पण मुळात पाणी उडतं ते बाष्पदाबाच्या, म्हणजे हवेतल्या वाफेच्या दाबाच्या फरकामुळे. पाण्याला अगदी लागून असलेल्या हवेत २८ अंशाला बाष्पदाब सुमारे ३.८ किलोपास्कल असतो. हॉलची हवा ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेची असेल तर तिच्यातला साधारण २.५. हा फरक आहे तोवर वाफ होत राहणार, वारा असो नसो. हवा कोरडी केली की फरक वाढतो, पाणी आणखी उडतं. हवा दमट होऊ दिली की उडणं कमी होतं पण भिंती भिजतात. इनडोअर पूलची सगळी गोम या कात्रीत आहे.

आणि जलतरंग, सासूबाईंचं ३२ अंशाचं प्रकरण याच हिशोबात बसतं. ३२ ला बाष्पदाब ४.७५ च्या आसपास जातो. हॉलची हवा होती तशीच ठेवलीत तर बाष्पीभवन पावणेदोनपट.

शंकासुर
म्हणजे चार अंशात पावणेदोनपट! सासूबाईंना कोण सांगणार?

जलतरंग
मी तर नाही.

पाणमांजर
दोघांच्या मध्ये ३० ठरवा आणि थर्मामीटर काढून ठेवा. आमच्याकडे असंच भागतं.

वाफाळलेली
कव्हरबद्दल मी लिहिते कारण आमचा पूल असाच, घराला चिकटून बंद हॉलमध्ये, आणि आम्ही आधी कव्हर घेतलं, सोलर नंतर.

पहिली गोष्ट, इनडोअरला ते निळं पारदर्शक बुडबुड्यांचं कव्हर मिळतं ते घेऊ नका. ते उन्हासाठी असतं, ऊन पाण्यात शिरावं म्हणून पारदर्शक. आत ऊनच नाही तर त्याचा अर्धा उपयोग गेला. आत फोमचं, जाड, अपारदर्शक कव्हर चांगलं, वाफ तर अडतेच वर उष्णताही कमी झिरपते. रुळावर गुंडाळणारं. आमच्याकडे कव्हर आल्यावर काचांचं घामेजणं आधी थांबलं आणि बिल नंतर उतरलं, त्या क्रमाने, त्यामुळे घरच्यांचा विश्वास बसला. जुन्या पुस्तकी सल्ल्यांपेक्षा ऊर्जा खात्याचाच आकडा बघा, नुसत्या कव्हरने तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्के कमी होऊ शकतो असं ते सांगतात. आमचा अनुभव त्याच पट्ट्यातला.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. रात्रभर कव्हर घातलं की क्लोरीनचे जे उपद्रवी वायू, क्लोरामाइन, ते कव्हरखाली अडकतात. सकाळी कव्हर काढलं की भपकन वास येतो, डोळे चुरचुरतात. कव्हर काढून पंखा चालू करायचा आणि थोड्या वेळाने उतरायचं. लगेच उडी मारू नये.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. घरात लहान मूल असेल तर नुसतं तरंगतं कव्हर धोक्याचं आहे. ते जमिनीसारखं दिसतं, मूल पाय टाकतं, कव्हर खाली जातं आणि पुन्हा वर मिटतं. वरून काही दिसत नाही. हॉलच्या दाराला वर कडी हवीच, किंवा वजन पेलणारं, कडांना रुळांमध्ये अडकणारं सेफ्टी कव्हर घ्यावं.

पाणमांजर
कव्हरला माझा विरोध नाही पण वास्तव सांगते. पहिला आठवडा सगळे उत्साहाने गुंडाळतात, मग "शेवटी कोण पोहलं होतं" यावरून भांडणं, मग कव्हर भिंतीला टेकून उभं. बटणावर चालणारं घेतलं तरच रोज वापरलं जातं.

वाफाळलेली
पाणमांजर, हे शंभर टक्के खरं. आमचं बटणवालंच आहे.

निवांत_नाना
अवांतर करतो, चालवून घ्या. काचेखाली ऊन कोंडण्याची कल्पना फार जुनी. होरेस बेनेडिक्ट द सॉसूर या स्विस शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये काचा लावलेली पेटी बनवून उन्हात ठेवली, आतलं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर गेलं. पुढे १८९१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने सोलर वॉटर हीटरचं पेटंट घेतलं, काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या पेटीत, बस. म्हणजे आपण इथे ज्यावरून वाद घालतोय तो वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

खटपट्या
नाना, सॉसूरला पूल नव्हता. काच हवी कशाला हा प्रश्न तसाच राहिला.

तापमापी
काच हवी की नको हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं, आणि खटपट्यांच्या जागी ते बरोबरच आहेत.

बिनकाचेच्या चटईत उन्हाची परावर्तनात होणारी नासाडी नाही. बाहेर ३० अंश, पाणी २८, म्हणजे चटईतून बाहेर जायला उष्णतेला कारणच नाही, पडलेल्या उन्हातलं ७०-८० टक्के पाण्यात. या परिस्थितीत ती काचेच्या कलेक्टरला मागे टाकते, आणि स्वस्त. पण चटईची गळतीही तशीच मोठी, दर चौरस मीटरला, फरकाच्या दर अंशामागे १५-२० वॅट, वारा असेल तर जास्तच. बाहेर ८ अंश आणि पाणी २८ झालं की ३०० ते ४०० वॅट गेले. थंडीतलं तिरपं ऊन चौरस मीटरला ५०० वॅट धरा. उरलं काय? ढग आला की चटई पाण्याला थंडच करायला लागते.

काचेच्या फ्लॅट प्लेटमध्ये, म्हणजे काचेच्या पेटीतल्या काळ्या पत्र्याच्या कलेक्टरमध्ये, तीच गळती ४ वॅटच्या आसपास. त्याच थंडीत ८० वॅट जातील. व्हॅक्यूम ट्यूबमध्ये एक-दोन वॅट, म्हणजे अजून ५० वॅट वाचतील, पण ट्यूबमध्ये मोकळ्या फटी असतात, त्यामुळे छपराची तेवढीच जागा अडवून ती ऊन थोडं कमी झेलते. पूलच्या कोमट पाण्यासाठी ट्यूबचा फायदा फार उरत नाही. ६०-७० अंशाचं पाणी हवं असेल तिथे ती खरी.

म्हणून इनडोअर आणि वर्षभर असेल, थंडीत बाहेर गारठा पडत असेल, तर माझं मत फ्लॅट प्लेट. थंडी नावापुरती असेल तर चटया.

भोवरा
आता मी काडी टाकतो. कलेक्टर बिलेक्टर सगळं सोडा. छपरावर सोलर पॅनल, वीजवालं, आणि खाली पूलचा हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारं यंत्र.

पॅनल उन्हातलं २० टक्के वीज करतं. हीट पंपचा सीओपी ५ धरा, म्हणजे एक युनिट विजेत पाच युनिट उष्णता. २० पाचे शंभर. जेवढं ऊन पडलं तेवढी उष्णता पाण्यात! तुमची फ्लॅट प्लेट वर्षभराच्या सरासरीत ५०-६० टक्क्यांवर. शिवाय पूल तापला की कलेक्टर छपरावर नुसता भाजत बसतो, माझी वीज घरातल्या दुसऱ्या कामाला जाते. पाण्याचे पाइप छपरावर नाहीत, गळती नाही, गोठणं नाही.

खटपट्या
आणि कॉम्प्रेसर? इन्व्हर्टर? रेफ्रिजरंट? हीट पंप बिघडला की मेकॅनिक येईपर्यंत पूल गार. माझ्याकडे बिघडायला एक पंप आणि एक व्हॉल्व्ह.

भोवरा
तुमच्याकडे बिघडायला अख्खं छप्पर आहे. मोजा, किती जॉइंट आहेत ते.

खटपट्या
मोजले. एकही गळत नाही.

निवांत_नाना
अजून.

तापमापी
भोवऱ्याचं गणित चुकीचं नाही, फक्त ५ चा सीओपी हवामान उबदार असतानाचा. बाहेर गारठा पडला की तो ३-४ वर येतो. तरी ६० ते ८० टक्के, म्हणजे कलेक्टरच्या बरोबरीला किंवा वरच. आणि हीट पंपाला रात्री किंवा ढगाळ दिवशीही बाहेरच्या विजेवर चालवता येतं, कलेक्टरला तो पर्याय नाही. छपराची जागा कमी असेल तर भोवऱ्याचा मार्ग, जागा भरपूर असेल आणि साधेपणा हवा असेल तर कलेक्टर.

जाता जाता, आत्ता आहे तो कॉइलवाला हीटर म्हणजे सीओपी १. तो काढून नुसता हीट पंप लावला, छपरावर काहीही न टाकता, तरी वीज एक तृतीयांश-चतुर्थांशावर येते.

शंकासुर
मग धागाकर्त्याला सोलर हवंच का?

जलतरंग
हवंच. छपरावरचं ऊन फुकट जातंय ते बघवत नाही.

छपराखालचा
मी या धंद्यात आहे, नाव-गाव सांगणार नाही आणि कोणाला गिऱ्हाईक म्हणून ओढणारही नाही. वर बरीच चांगली चर्चा झालीय, पण जिथे प्रत्यक्षात घोळ होतात ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पूलचं पाणी तांब्याच्या कलेक्टरमधून थेट फिरवायचं नाही. घरगुती फ्लॅट प्लेटमध्ये आत तांब्याच्या नळ्याच असतात. क्लोरीन आणि त्यात पीएच खाली घसरला की तांबं विरघळतं, मग पूलच्या भिंतीवर हिरवट-काळे डाग, सोनेरी केसांना हिरवी झाक. लोक शेवाळ समजून औषधं ओततात. काचेचा कलेक्टर घेतलात तर मध्ये हीट एक्स्चेंजर (दोन पाणी एकमेकांत न मिसळता उष्णता इकडून तिकडे देणारं उपकरण) हवाच, आणि तो टायटॅनियमचा, निदान ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा. मिठावरचा क्लोरिनेटर असेल तर टायटॅनियमच. कलेक्टरच्या बाजूला वेगळं बंद सर्किट, त्यात गोठण्याची भीती असेल तर ग्लायकॉल मिसळलेलं पाणी. क्लोरीन सोडायची जागा एक्स्चेंजरच्या पुढे, म्हणजे सगळ्यात शेवटी, नाहीतर कडक क्लोरीन थेट एक्स्चेंजरमध्ये जातो.

पंप बंद आणि भर उन्हात कलेक्टर कोरडा किंवा थांबलेला, याला आम्ही स्टॅग्नेशन म्हणतो. फ्लॅट प्लेट दीडशे अंशाच्या पुढे जाऊ शकते, व्हॅक्यूम ट्यूब दोनशेच्या पुढे. एका ठिकाणी मला बोलावलं तर आधीच्या माणसाने कलेक्टरच्या तोंडापासून साधा पीव्हीसी पाइप ओढला होता, तो सुट्टीत लोणी वितळावं तसा बसला होता. पीव्हीसी ६० अंशाच्या वर भरवशाचा नाही, सीपीव्हीसी ९० च्या आसपास हात टेकतो. कलेक्टरजवळचा भाग धातूचाच. बंद सर्किटला एक्स्पान्शन टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह लागतोच लागतो.

चटया घेतल्यात तर सगळ्यात वरच्या बिंदूजवळ व्हॅक्यूम ब्रेकर हवा, म्हणजे पंप थांबला की हवा आत शिरून पाणी आपोआप खाली उतरतं, गोठत नाही आणि चटया चिंबत नाहीत. आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. तो नसेल तर रात्री गार छपरावरचं जड पाणी खाली आणि पूलचं गरम पाणी वर असा उलटा प्रवास चालू होतो, दिवसभर कमावलेलं रात्री आकाशात सोडायचं.

छपराचं बोलायचं तर काचेचे कलेक्टर दर चौरस मीटरला वीसेक किलो. वजनापेक्षा वाऱ्याची उचल जास्त त्रास देते. आणि पूलच्या हॉलवरचं छप्पर आतून दमट असतं, तिथे भोकं पाडताना आतल्या बाजूचा बाष्परोधक पडदा फाटला तर वाफ छपराच्या पोटात शिरून लाकूड कुजतं, लोखंड गंजतं. बाहेरून काही वर्षं कळतही नाही. जमलं तर कलेक्टर घराच्या दुसऱ्या, कोरड्या भागावर टाका. पूलच्या वरच टाकले पाहिजेत असा काही नियम नाही.

पाणमांजर
असं कोणी आमच्याकडे येऊन बोललं असतं तर किती बरं झालं असतं. वाचनखूण साठवली.

शंकासुर
माझा अजून एक. पाणी कलेक्टरमधून हळू हळू सोडलं तर ते जास्त तापून खाली येईल ना? मग पंप बारीक केलेला बरा. वीजही वाचेल.

छपराखालचा
नाही. गिऱ्हाइकांना खालच्या पाइपला हात लावून चटका बसला की आनंद होतो, मला नाही होत. कलेक्टर गरम म्हणजे उष्णता तिथेच राहिली आणि बाहेर सांडतेय. चटयांना चौरस मीटरमागे मिनिटाला ४ लिटरच्या आसपास पाणी पाहिजे, खाली येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन अंश जास्त. हाताला फरक कळतो न कळतो इतकाच. चटईवर हात ठेवलात तर भर दुपारी ती गारसर लागली पाहिजे.

तापमापी
+१. भरपूर पाणी थोडं थोडं तापवायचं.

वाफाळलेली
पाण्यावर इतकं बोललो, हवेवर कोणीच नाही. इनडोअर पूलमध्ये हवेचा खर्च पाण्याइतकाच डोक्याला ताप देतो.

हॉलची हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम ठेवायची असते. बिल वाचवायला लोक काय करतात, हॉलचं हीटिंग बंद करतात. गार हवेत पाणी धरायची ताकद कमी, गार काचांवर पाणी ओघळतं, मग ओल घालवायला एक्झॉस्ट चालू, बाहेरची कोरडी गार हवा आत, बाष्पीभवन अजून वाढतं. म्हणजे वाचवलेलं सगळं पूल पिऊन टाकतो. आमच्याकडे पूलसाठीचा डिह्युमिडिफायर आहे, ज्यात वाफेचं पुन्हा पाणी होताना सुटलेली उष्णता परत पूलच्या पाण्यात किंवा हॉलच्या हवेत सोडली जाते. तापमापींनी वर जे ०.६८ युनिट सांगितले ते लिटरमागे परत मिळतात, वर कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही उष्णता होऊनच येते. आर्द्रता ५०-६० च्या मध्ये ठेवलीय. कव्हर घातलेलं असताना तो फारसा चालतच नाही.

भोवरा
हा पण हीट पंपच झाला बरं का! खटपट्याराव, घरात शिरलोच शेवटी.

खटपट्या
शिरा. कॉम्प्रेसर तुमच्या खोलीत ठेवा.

जलतरंग
मंडळी, सगळं दोनदा वाचलं. कव्हर ठरलं, बटणवालं. मुलं लहान आहेत म्हणून सेफ्टी कव्हरच. पण एक शंका आली. आमच्या पूलला पाणी आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे रोज किती पाणी कमी होतं तेच माहीत नाही. तापमापी म्हणतात ७०-९० लिटर. आमचं त्याहून जास्त जात असेल तर?

छपराखालचा
बादली टेस्ट करा, आजच. फ्लोट व्हॉल्व्ह बंद. बादलीत पूलचंच पाणी भरा, पायरीवर अशी ठेवा की बादली पाण्यात अर्धी बुडेल आणि आतली पातळी बाहेरच्या पातळीइतकी असेल. दोन्हीकडे खूण. चोवीस तास कोणी पोहायचं नाही. दोन्ही सारखं उतरलं तर नुसतं बाष्पीभवन, पूल जास्त उतरला तर गळती. तुमच्या पूलला १ मिलिमीटर म्हणजे ३२ लिटर. उडून दोन ते तीन मिलिमीटर जावेत.

जलतरंग
केली. बादली अडीच मिलिमीटरच्या आसपास, पूल सहा. म्हणजे गळतंय?

छपराखालचा
गळतंय. शंभरेक लिटर गरम पाणी रोज जमिनीत चाललंय आणि तितकंच गार पाणी फ्लोट व्हॉल्व्ह गुपचूप आत घेतोय. आता पंप बंद ठेवून तीच टेस्ट पुन्हा करा. पंप चालू असतानाच गळत असेल तर पंपाच्या पुढच्या पाइपात, बंद असतानाही तितकंच गळत असेल तर पूलच्या टाकीत, दिव्याच्या खोबणीत किंवा स्किमरच्या (वरचं पाणी ओढून घेणाऱ्या कडेच्या खणाच्या) सांध्यात बघा. बॅकवॉशच्या (फिल्टर उलट्या पाण्याने धुण्याच्या) व्हॉल्व्हमधून ड्रेनला पाणी जात नाही ना तेही बघा, निम्म्या वेळा तिथेच असतं.

शंकासुर
छपरावर चढायला आले होते दोघं, आणि भोक निघालं खाली!

तापमापी
आता मूळ प्रश्न. गळती बंद आणि कव्हर रोज, तर तुमची रोजची गरज २०-२५ युनिटवर यायला हरकत नाही, पोहण्याच्या वेळेत उघडं राहतं ते धरून. चांगल्या उन्हाच्या दिवशी फ्लॅट प्लेट चौरस मीटरला ३ युनिटच्या आसपास देते, थंडीत निम्मं, ढगाळ दिवशी नगण्य. ठोकताळा पूलच्या पृष्ठभागाच्या ५० ते १०० टक्के कलेक्टर असा सांगतात, तुमच्यासाठी मी खालच्या टोकाला जाईन, १६ ते २० चौरस मीटर. त्याहून जास्त टाकलंत तर उन्हाळ्यात कव्हरखालचा पूल ३३-३४ वर जाऊन बसेल, आणि इतक्या गरम पाण्यात क्लोरीनही भराभर संपतो.

तोंड विषुववृत्ताकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. कोन तुमच्या अक्षांशापेक्षा १०-१५ अंश जास्त उभा. त्याने थंडीतलं खालचं ऊन नीट झेललं जातं आणि उन्हाळ्याचा अतिरेक आपोआप कमी होतो.

हीटर कायमचा बंद होणार नाही. आठवडाभर ढग राहिले तर पूल उतरणारच. तो काढू नका, थर्मोस्टॅट सोलरपेक्षा दोन अंश खाली लावून ठेवा.

जलतरंग
आणि हा सगळा खेळ चालू-बंद कोण करणार? आत्ताचा फिल्टर पंप टायमरवर रात्री चालतो, वीज स्वस्त म्हणून.

छपराखालचा
डिफरन्शियल कंट्रोलर. एक सेन्सर कलेक्टरच्या तोंडाशी, एक पूलकडून येणाऱ्या पाइपवर, पंपाच्या आणि हीटरच्या आधी. हीटरच्या पुढे लावला तर तो हीटरचंच तापमान वाचत बसतो. कलेक्टर ६-८ अंशांनी जास्त झाला की चालू, फरक २-३ वर आला की बंद, आणि पूल ठरलेल्या तापमानाला पोचला की काहीही असो बंद. टायमर दिवसाचा करावा लागेल, कारण एक्स्चेंजरमध्ये पूलचं पाणी फिल्टर पंपच ढकलणार. रात्रीचा स्वस्त दर हवा असेल तर सोलरला छोटा वेगळा पंप लावा, फिल्टर आपला रात्री चालू दे.

पाणमांजर
सेन्सरची वायर छपरावर उघडी सोडू नका. खारी आणि पक्षी कुरतडतात, मग कंट्रोलर वेड्यासारखा चालू-बंद करत राहतो.

छपराखालचा
हो, आणि वायर तुटली तर काही कंट्रोलर पंप कायम चालू ठेवतात. घ्यायच्या आधी विचारा, सेन्सर गेल्यावर हा बंद होतो की चालू राहतो.

जलतरंग
विचारतो. सध्या बॅकवॉश व्हॉल्व्ह उघडून बसलोय, आतली रबरी स्पायडर गॅस्केट एका बाजूने फाटलीय.

छपराखालचा
नवी गॅस्केट, ग्रीस सिलिकॉनचंच. पेट्रोलियम जेली लावू नका, रबर फुगतं. आणि लावल्यावर बादली पुन्हा एकदा पायरीवर.